जेलीफिश डसली तर काय करायचं? जाणकारांनी लिहा

सुट्टी लागली की निम्मं कोल्हापूर तारकर्ली नाहीतर गणपतीपुळ्याला. जेलीफिशच्या दंशावर काय चालतं, काय अंगाशी येतं, नेमकं लिहा. मेव्हण्याची गोष्ट नको, कृती सांगा.

सहलवाले, शिवाजी पेठ
चोळू नका, वाळूनं तर नाहीच. कातडीला चिकटलेल्या जेलीफिशच्या दोऱ्यांत न फुटलेल्या डंखपेशी असतात. दाब पडला की फुटून आणखी विष सोडतात. बाटलीतलं गोडं पाणी ओतलं तरी तेच. समुद्राच्याच पाण्यानं धुवायचं, उरलेले दोरे चिमट्यानं उचलायचे. एटीएम कार्डानं खरवडणं म्हणजे पुन्हा दाबच.

नर्स, राजारामपुरी
दोरे निघाले की डसलेला भाग गरम पाण्यात बुडवायचा, खरा उतारा तोच. साधारण ४५ अंश, २० ते ४० मिनिटं. थर्मामीटर नसेल तर चार मग साध्या पाण्यात एक मग उकळतं घाला, ४४च्या आसपास येतं. निम्मं-निम्मं केलं तर ६५ होतं आणि कातडी भाजते. आधी दुसऱ्यानं हात घालून बघावं, कारण दुखऱ्या भागाला चटका नीट कळत नाही. लहान मुलांना जरा कोमटच. पाणी निवलं की पाय बाहेर काढून मगच नवं गरम ओता. पाठीवर डसली असेल तर रिसॉर्टच्या गीझरचा शॉवर आहेच.

सहलवाले
आणि व्हिनेगर? सगळे बाटली घेऊन येतात.

औषध दुकानदार, शाहूपुरी
जातीवर आहे. बॉक्स जेलीफिशला (खोक्यासारख्या चौकोनी अंगाची) उपयोगी. ब्लूबॉटलला नको, पेशी उलट फुटू शकतात. निळसर फुगा, खाली लांब निळे दोरे, ती ब्लूबॉटल. २०१८च्या ऑगस्टमध्ये जुहूला लोकांना डसली ती हीच. ओळख पटली नाही तर बाटली बाजूला ठेवा. लघवीचा उपाय तर सोडाच राव! सेट्रिझिन खाजेला, दुखण्याला नाही, त्याला पॅरासिटामॉल. आठवड्यानं पुरळ परत उठलं तर घाबरू नका, डॉक्टरांना दाखवा.

नर्स
धाप, ओठ-चेहरा सुजणं, सारख्या उलट्या, छातीत दुखणं, डोळ्याला दंश: लगेच १०८. 'कोल्हापूरला जाऊनच दाखवू' म्हणून घाट चढायला घेऊ नका, जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठा.

सहलवाले
वाळूत मेलेली पडली असली तरी डसते. पोरं काठीनं उचलतात, मग तीच काठी हातात फिरवतात.