गाव सोडलेल्या माणसाला 'विस्थापित' म्हणावं का?

आमच्या कणकवलीजवळच्या गावात जत्रेच्या आधी पाऊण तासाचा एकपात्री बसवतोय. 1982 च्या गिरणी संपानंतर लालबागची खोली सोडून गावी परतलेला माणूस, आता म्हातारा, पडवीत बसून बोलतो. गोष्ट एवढीच. पत्रक लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीला अडकलो. शिक्षक मित्राने लिहून दिलंय : 'विस्थापनाची आणि आपलेपणाच्या शोधाची कहाणी'. वाचलं की पुनर्वसन कार्यालयात रांगेत उभं राहिल्यासारखं वाटतं. आमचा म्हातारा हा शब्द जन्मात उच्चारणार नाही. दुसरं काय लिहावं?

(बॅनरवाल्याने 'एकपत्नी प्रयोग' असं छापून ठेवलंय, तो प्रश्न वेगळा.)

रत्नागिरीहून
'विस्थापित' नकोच. त्यात कोणीतरी उठवून लावल्याचा अर्थ आहे. धरणात गाव गेलं, रस्त्यात घर गेलं, की माणूस विस्थापित. फाळणीनंतर आले ते 'निर्वासित'. मुंबईला गेलेल्याला कोणी हाकललं नव्हतं, भात पुरत नव्हतं म्हणून तो बोटीत बसला. 'परागंदा' चालेल का पाहा. मूळ फारसी, अर्थ विखुरलेला. मात्र 'परांगदा' लिहू नका. हल्ली वर्तमानपत्रंसुद्धा तसं छापतात.

पुण्याहून
'बिऱ्हाड' घ्या की! विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर.

कुडाळहून
बिऱ्हाड म्हणजे बायकापोरांसकट मांडलेला संसार. गिरणगावातल्या कितीतरी पुरुषांचं बिऱ्हाड गावीच असायचं. मुंबईत गाववाल्यांच्या खोलीत एक ट्रंक, भिंतीला एक खुंटी आणि पाळीप्रमाणे झोपायची जागा. जेवण खानावळीत. याला बिऱ्हाड म्हटलं तर गावात चूल सांभाळणारी बाई काय म्हणेल?

देवगडहून
मग सरळ 'चाकरमानी' लिहा, सगळ्यांना कळतं.

रत्नागिरीहून
कळतं, पण त्यावरून वाद झालाय. 2025 च्या गणपतीआधी सरकारने 'चाकरमानी'ऐवजी 'कोकणवासीय' म्हणायचं ठरवलं. कारण 'चाकर' शब्द कमीपणाचा वाटतो. मला स्वतःला तो तसा कधी वाटला नाही. आमच्याकडे 'चाकरमानी इले' म्हणतात तेव्हा अंगणात दिवे लागतात. नवा शब्द तर अर्थानेही चुकलाय. वासी म्हणजे राहणारा, आणि इथे जो राहत नाही त्यालाच नेमकं कोकणवासी म्हणायचं! शिवाय 'वासी' असताना शेपटीला 'य' कशाला?

पण तुमच्या म्हाताऱ्याला 'चाकरमानी'ही बसत नाही. त्याची चाकरीच गेली.

मालवणहून
तुमी सगळे नाम शोधतास, थंयच चुकताहा. माझो बापूस पस्तीस वर्सां परळाक रवलो, पण खोलीक 'घर' म्हणूक नाय. 'खोलीवर जातंय' म्हणजे परळ, 'घराक जातंय' म्हणजे गाव. तुमच्या म्हाताऱ्याक ह्या दोन शब्दांत बोलूक देवा.

मूळ प्रश्नकर्ता
दादा, हे नेमकं सापडलं. संहिता परत चाळली. आठ ठिकाणी मी 'मुंबईतलं घर' लिहून ठेवलंय. लिहिणारा मी, गावात वाढलेला, म्हणून चुकलो. सगळीकडे 'खोली' केलं. एका जागी मात्र 'घर' तसंच ठेवतोय : संपानंतर खोलीला कुलूप लावताना त्याच्या तोंडून पहिल्यांदा 'घर' निघतं, आणि तो स्वतःच दचकतो.

कुडाळहून
चांगलं आहे. फक्त 'खोली' आणि 'खोल' यांची कोटी पत्रकात करू नका, सगळे करतात.

लालबागहून
मी इकडची बाजू मांडते. आमची पागडीची खोली पुनर्विकासात गेली आणि आम्ही संक्रमण शिबिरात, म्हणजे नवी इमारत होईपर्यंतच्या तात्पुरत्या घरात, आलो. कागदावर तेच नाव आहे, बोलताना सगळे 'ट्रान्झिट' म्हणतात. 'विस्थापित' हा शब्द मला लागू झाला तो तेव्हा. सासऱ्यांनी गाव सोडला तेव्हा कोणीच तो वापरला नव्हता. म्हणजे शब्द चुकीचा नाही, जागा चुकली. आणि 'आपलेपणा' काढूनच टाका, तो वाणसामानाच्या दुकानावरच्या पाटीवर शोभतो.

मूळ प्रश्नकर्ता
ताई, 'आपलेपणा' काढला. त्याच्या जागी शब्द मिळेना. 'थारा' जवळ येतो, पण थारा दुसऱ्याने द्यावा लागतो.

मालवणहून
शब्द कित्याक होयो? अनोळखी माणूस भेटलो की आमी पयलो प्रश्न काय विचारतो? 'तू खंयचो?' खंय रवतस, ह्यां नाय. त्या 'चो'त सगळा इला. तुमच्या म्हाताऱ्याक मुंबयत 'गाववालो' म्हणत, आनि गावात इल्यार 'मुंबयकार'. दोनय कडे नाव दुसरीकडचा.

रत्नागिरीहून
'गाव'च्या लिंगाकडेही लक्ष द्या. देशावर 'माझं गाव', आपल्याकडे 'माझा गाव'. दोन्ही शुद्ध. नटाने नपुंसकलिंगी म्हटलं तर पहिल्या रांगेतली बाई तिथेच ओळखेल.

'एकपात्री'बद्दलही कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच लिहितो. 'पात्र' म्हणजे इथे नट. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये लक्ष्मण देशपांडे 52 व्यक्तिरेखा एकटे करायचे, तरी प्रयोग एकपात्रीच. एकांकिका निराळी, तिच्यात अंक एक असतो, माणसं कितीही.

कुडाळहून
शेवट काय केलात?

मूळ प्रश्नकर्ता
गाऱ्हाणं. देशावर गाऱ्हाणं म्हणजे तक्रार, आपल्याकडे देवाला घातलेलं मागणं. म्हातारा पडवीतून उठतो आणि मुंबईत राहिलेल्या पोरासाठी गाऱ्हाणं घालतो. नट एकच, पण प्रत्येक मागण्यावर 'व्हय म्हाराजा' म्हणायला समोर सगळा गाव बसलेला असतो. तालमीत चार पोरांसमोर करून पाहिलं. सांगावं लागलं नाही, चौघेही आपसूक म्हणाले.

पत्रकावर एवढीच ओळ : 'खोली सोडलंय, घराक इलंय.'

देवगडहून
आणि बॅनर?

मूळ प्रश्नकर्ता
'त्नी'वर पांढरा कागद चिकटवून 'त्री' लिहिलंय, आधीच्या 'प'ला काना दिलाय. नवीन छापायला पैसे नाहीत.