सिगरेट सोडतेय, तलफेच्या वेळी कुठला व्यायाम करावा?

मी ४१ वर्षांची, पुण्यात आयटीत नोकरी. कॉलेजपासून सिगरेट ओढते, आता सोडायचीच आहे. नवऱ्याला माहीत आहे, सासूबाईंना नाही. त्यामुळे चिडचिड झाली तरी घरात कारण सांगता येत नाही.

सकाळची तलफ निभावते. खरी अडचण चारच्या चहाची. सगळे खाली टपरीवर जातात, तिथे दोरीला लायटर टांगलेला असतो, आणि चहाचा पहिला घोट घेतला की हात आपोआप तिकडे जातो.

दुसरी काळजी वजनाची. सोडल्यावर पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढतं. माझी एक मैत्रीण त्यापायीच परत ओढायला लागली. म्हणून व्यायामाबद्दल वाचत होते, तर अमेरिकेतला १९९९चा अभ्यास सापडला. त्यात २८१ स्त्रिया होत्या, एरवी व्यायाम न करणाऱ्या. समुपदेशन सगळ्यांना सारखंच, पण एका गटाला जोडीला आठवड्यातून तीनदा चांगला दम लागेल असा व्यायाम. वर्षभरानंतर त्या गटातल्या ११.९ टक्के सिगरेटपासून दूर होत्या, दुसऱ्या गटातल्या ५.४ टक्के. व्यायामवाल्यांचं वजनही कमी वाढलं. दुपटीहून जास्त फरक, तरी शंभरात बाराच जणी! नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत एवढाही फायदा दिसलेला नाही, त्यामुळे नुसत्या व्यायामावर भिस्त ठेवायची माझी तयारी नाही.

ज्यांनी सोडली आहे त्यांनी सांगा: ठरवून तीन दिवस जिम बरी, की तलफ आली की लगेच जिने चढणं? पाळीच्या आधी तलफ वाढते, तेव्हा काय करता? निकोटीन गम कुणी घेतला आहे का?

प्रतिसाद १
ताई, दोन्ही करा. तलफेचा जोर काही मिनिटांतच ओसरतो, तेवढा वेळ भरभर चाललं तरी पुरतं. रविवारी पर्वती चढा. १०३ पायऱ्यांना आधी किती दम लागत होता आणि आता किती, हे स्वतःला कळतं, त्यानं फार हुरूप येतो. पाळीच्या आधी मला पळणं नको व्हायचं, तेव्हा फक्त चालायचे. आणि सोडण्याची तारीख पाळी संपल्यावरची धरली होती.

प्रतिसाद २
इतकी वर्षं ओढताय, तर जोराचा व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून रक्तदाब आणि हृदय तपासून घ्या. सिगरेटचं त्यांना मोकळेपणानं सांगा. १८००-११-२३५६ या सरकारी हेल्पलाइनवर फुकट समुपदेशन मिळतं.

गम मी घेतला आहे. च्युइंगगमसारखा सारखा चघळायचा नाही. तोंडात झणझणलं की गालात धरून ठेवायचा, झणझण गेली की परत चावायचा. आणि गमच्या आधी पंधरा मिनिटं व तो तोंडात असेपर्यंत काही खायचं-प्यायचं नाही, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही. म्हणजे टपरीवर चहाबरोबर गम हे जमणार नाही. चारला आधी जिने चढा, मग गम, आणि चहा नंतर जागेवर मागवा.