गेमिंगसाठी टॅब: आकार, वजन, मेमरी. तुमचे अनुभव लिहा

जाईजुई७
दिवाळीच्या आवराआवरीत कपाटाच्या तळाशी गूगलचा जुना टॅब, नेक्सस ७ सापडला. २०१२ चा, सात इंची, ३४० ग्रॅम, रॅम एक जीबी. चार्जिंगला लावला तर बऱ्याच वेळाने का होईना, सुरू झाला, आणि टेम्पल रन अजून आहे त्यात! हॉस्टेलला आम्ही रांग लावून खेळायचो. मेली की टॅब पुढचीच्या हातात. एका हातात टॅब, दुसऱ्यात मॅगीची डिश.
धाग्याचं खरं कारण भाचा. दहावी झाली, आता त्याला बीजीएमआय (पबजीचा भारतातला अवतार) आणि गेन्शिन या गेमसाठी टॅब हवाय. "मावशी, मोठ्यात मोठा स्क्रीन" हे एकच पालुपद. मोठा घ्यावा की हलका? रॅम, स्टोरेज किती? घेतलेले, विकलेले, आपटलेले, सगळे टॅब येऊ द्या.

रविवारचा रस्सा
मोठ्यात मोठा अजिबात नको. आमच्याकडे साडेचौदा इंची आहे, वजन सातशे ग्रॅमच्या वर. पिक्चर बघायला राजा. हातात धरून खेळायला घेतला की अंगठे मधे पोचतच नाहीत, सगळी बटणं सेटिंगमधून कडेला ओढावी लागतात. एकदा झोपून खेळताना नाकावर आला.

उखाणा
नाकाचं काय झालं मग?

रविवारचा रस्सा
नाक आहे. चष्मा गेला.

अंगठेबहाद्दर
आयपॅड मिनी ६ वापरते. ८.३ इंच, २९३ ग्रॅम. मी गायरो चालू ठेवून खेळते, म्हणजे टॅब हलवून नेम धरायचा. जड टॅबने हे करून बघा, थोड्या वेळात मनगट बोलायला लागतं. माझा ६४ जीबीचा आहे. गेन्शिन एकटाच वीस जीबीच्या वर जातो आणि आयपॅडला कार्ड टाकता येत नाही. २०२४ च्या मिनीत सुरुवातच १२८ पासून आहे. तेव्हा ६४ चा सेकंडहँड स्वस्तात मिळतोय म्हणून भुलू नका.

पेठेतला पाहुणा
गायरोवरून आठवलं. स्वस्त टॅबमध्ये बऱ्याचदा गायरोस्कोप नसतोच. एक्सेलरोमीटर लिहिलेला असतो, तो वेगळा, टॅब आडवा की उभा ते ओळखणारा. आधी स्पेसिफिकेशन नीट वाचा.
आणि खोक्यावरचं "४+४ जीबी रॅम" बघून हुरळू नका. त्यातले दुसरे चार स्टोरेजमधून उसने घेतलेले. व्हॉट्सॲप बघून परत यावं तर गेम पहिल्यापासून सुरू. खरी ८ जीबी हवी. स्टोरेजचा प्रकार ईएमएमसी की यूएफएस तेही विचारा (दुकानदार डोकं खाजवेल, खाजवू द्या). यूएफएस वेगवान, गेम लवकर उघडतो. कार्डावर फोटो, पिक्चर जातात. मोठ्या गेमचा डेटा बहुतेक वेळा आतच राहतो, म्हणून आतलं स्टोरेजच दणदणीत घ्या.

सुतळीबॉम्ब
दहावी झाली म्हणजे आता अकरावी ना? 😄 २०२२ च्या जुलैत बीजीएमआय स्टोअरवरून गेला तेव्हा आमचे चिरंजीव धड जेवले नव्हते. मे २०२३ मध्ये परत आला तेव्हा स्वतःहून दळण आणून दिलं.

उखाणा
आमच्याकडे पबजीचं सुतक होतं, सप्टेंबर २०२०. ऑनलाइन शाळा चालू, पबजी बंद. लय हाल.

शेवग्याची शेंग
जरा अवांतर. सासूबाईंना दहा इंची घेतला, फक्त लुडोसाठी. सोंगट्या ठळक दिसतात. मांडीवर उशी, उशीवर टॅब, वजन कोण विचारतंय! शेजारच्या काकूंची सोंगटी घरी पाठवली की जो चेहरा होतो त्यांचा...

पेठेतला पाहुणा
काकूंकडे पण टॅब आहे?

शेवग्याची शेंग
छे, दोघी त्याच टॅबवर. म्हणून तर उशी. थांबा, कुकर झाला.

रविवारचा रस्सा
@जाईजुई, भाच्याला अर्धा किलो साखरेची पिशवी द्या आणि दोन्ही हातांनी छातीसमोर धरून एक मॅच होईपर्यंत बसवा. अकरा इंची टॅब साधारण तेवढाच भरतो. वर फ्लिप कव्हर. तेही काट्यावर ठेवून बघा, दोनशे ग्रॅम सहज. गेम खेळताना काढलेलंच बरं, टॅब तापतो.
अँड्रॉइडच हवा असेल तर लेनोवोचा लीजन टॅब बघा. ८.८ इंच, ३५० ग्रॅम. या मधल्या मापात दमदार टॅब मोजकेच आहेत.

जाईजुई७
पोळ्या करता करता वाचतेय. १६ जीबीच्या नेक्ससमध्ये १३ च हाती यायचे, कार्डाला जागा नाही, एक गेम काढल्याशिवाय दुसरा नाही. म्हणजे ८ जीबी रॅम आणि २५६ स्टोरेजवर अडून बसते. साखर धरायला लावली. पाचच मिनिटांत "मावशी, नऊच्या आतलाच बघू."

अंगठेबहाद्दर
@शेवग्याची शेंग, उशीवर ठेवून तापत नाही का?

शेवग्याची शेंग
लुडोने काय तापतोय. सासूबाई तापतात.