सुरक्षेवरचा लेख दुसऱ्याने तपासल्याशिवाय छापावा का?

पॅकेजकर:
ओपन सोर्स समुदायाच्या अंकात सुरक्षेवरचा लेख घ्यायचा, तर लेखकाखेरीज आणखी कोणीतरी त्यातली प्रत्येक कमांड कोऱ्या मशीनवर चालवून पाहिलेली असावी. डिस्ट्रो (डेबियन, रेड हॅट असा लिनक्सचा संच), आवृत्ती, तपासल्याची तारीख लेखाच्या डोक्यावरच छापावी. जमत नसेल तर लेख थांबवावा. एसएसएच म्हणजे दुरून सर्व्हरवर शिरायची सोय; 'एसएसएचचं पासवर्ड लॉगिन बंद करा' एवढंच छापलं आणि 'आधी की (पासवर्डऐवजी चालणारी किल्ली-फाइल) टाका, दुसऱ्या टर्मिनलमधून लॉगिन होतंय ना ते बघा, तोवर चालू सेशन सोडू नका' हे राहून गेलं, की वाचक स्वतःच्याच सर्व्हरबाहेर अडकतो.

टर्मिनलवाला:
पटत नाही. सगळे फावल्या वेळात लिहितात. एक्सझेड या फाइल आकुंचनाच्या साधनातलं बॅकडोअर (मुद्दाम घुसवलेला चोरदरवाजा) उघड झालं २९ मार्च २०२४ ला, शुक्रवारी. '५.६.० आणि ५.६.१ काढा, मागच्या आवृत्तीवर जा' हे लोकांना त्याच रात्री हवं होतं. तुमचा तपासणारा सोमवारी उगवला असता.

पॅकेजकर:
ती सूचना झाली, लेख नव्हे. दोन ओळी आणि मूळ इशाऱ्याचा दुवा लगेच द्या, माझी हरकत नाही. पण 'सगळे लिनक्स सर्व्हर धोक्यात' असं घाईने लिहिलं तर ते खोटं ठरतं. डेबियन स्टेबलमध्ये, म्हणजे डेबियनच्या स्थिर शाखेत, त्या आवृत्त्या पोचल्याच नव्हत्या.

रात्रपाळी:
नुसत्या कमांड चालवून भागत नाही हो. खरा घोळ आवृत्तीच्या क्रमांकाचा असतो. डेबियन, रेड हॅट जुन्याच आवृत्तीत दुरुस्ती बॅकपोर्ट करतात, म्हणजे मूळ क्रमांक तोच ठेवून नवी दुरुस्ती जुन्यात बसवतात. 'अमुक क्रमांकाखालचं सगळं असुरक्षित' असं वाचून माणूस चांगलं पॅकेज काढतो, सोर्समधून (मूळ कोडमधून) स्वतः बिल्ड करतो आणि पुढच्या सुरक्षा अपडेटना कायमचा मुकतो. डिस्ट्रोचा सिक्युरिटी ट्रॅकर (कुठल्या पॅकेजमधली कोणती त्रुटी दुरुस्त झाली याची यादी) पाहिल्याशिवाय असं वाक्य छापूच नये.

टर्मिनलवाला:
ट्रॅकरचं मान्य. पण डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीची २.१५.० ही दुरुस्ती खुद्द प्रकल्पाने दिली, आणि काही दिवसांत ती अपुरी ठरून २.१६.० आली. दहा जणांनी तपासलेला लेखही तेव्हा चुकला असता. म्हणून माझा जोर छापल्यानंतरच्या दुरुस्तीवर आहे: ती लेखाच्या वरच्या बाजूला, तारखेसह, जुनं वाक्य न लपवता.

पॅकेजकर:
हा नियमही घालूया, जरूर. पण कमांडच्या बाबतीत मी मागे हटणार नाही. ती कॉपी होऊन कुणाच्या तरी स्क्रिप्टमध्ये जाऊन बसते, आणि आपली दुरुस्ती तिथवर पोचत नाही.