मदत हवी आहे: लहानपणीच्या क्लबशी खरंच निष्ठावान राहिलेले फुटबॉलर कोण?

मंडळी, भावाशी पैज लागलीये, जरा मदत करा. तो म्हणतो प्लेअर लहानपणी कुठल्या क्लबचा फॅन होता याला नंतर काडीचाही अर्थ नसतो, पैसा दिसला की सगळे पळतात. मी टोट्टीचं नाव घेतलं, रोमाचाच पोरगा, १९९३ ते २०१७ फक्त रोमा, आणि शिअररचं, १९९६ ला मँचेस्टर युनायटेडला नाही म्हणून दीड कोटी पौंडात न्यूकॅसलला, स्वतःच्या गावच्या क्लबला गेला. तर त्याने लगेच कॅराघर काढला!! लहानपणी कट्टर एव्हर्टन, आणि अख्खं करिअर त्याच शहरातल्या कट्टर प्रतिस्पर्धी लिव्हरपूलला, ७३७ मॅच. लिव्हरपूलचेच रश, फाउलर, ओवेन पण लहानपणी एव्हर्टनवालेच म्हणे, इथे माझी बोलतीच बंद झाली. रुनीचं तर विचारूच नका, एव्हर्टनसाठी टीशर्टवर ‘वन्स अ ब्लू, ऑलवेज अ ब्लू’ (ब्लू म्हणजे एव्हर्टनवाला) दाखवलं आणि २००४ ला युनायटेडला गेला, बरं २०१७ ला परत आला ते मी धरतोय 😅

तर मला अशी नावं सांगा ज्यांनी मोठ्या क्लबची ऑफर खरोखर नाकारली, नुसतं ऑफर आलीच नाही म्हणून थांबलेले नकोत. इंग्लंडबाहेरचे असतील तर उत्तमच.