कूलरपासून सुरुवात करा

प्रयोगशाळेचं कपाट उघडत नाही तिथे मुलं संशोधन काय करणार, हा प्रश्न रास्त आहे. पण आपल्या नागपूरकडे भौतिकशास्त्र घराच्या खिडकीतच घरघरत असतं: कूलर! एप्रिलमध्ये तो खोली गार करतो आणि जुलैत नुसता चिकचिकाट. का? उमरेड-कुहीकडच्या नववीच्या पोरांना हाच प्रश्न द्या.

दोन साधे थर्मामीटर घ्यायचे. एकाच्या फुग्याला ओली सुती चिंधी गुंडाळायची, तिचं टोक पाण्याच्या वाटीत, आणि वारा घालायचा. 42 अंशांच्या दुपारी आर्द्रता 15 टक्के असेल, तर ओला थर्मामीटर 22 च्या आसपास उतरतो. पावसाळ्यात 30 अंश आणि 85 टक्के आर्द्रता असली की जेमतेम 28. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं, हीच सुप्त उष्णता; कोरड्या हवेत वाफ जास्त, म्हणून चिंधीही गार आणि कूलरही. ती यापेक्षा चांगली कशी शिकवणार? मे सुट्टीत जातो, पण विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडतात, म्हणजे दुसरी नोंद लगेच मिळते.

खरी अडचण वहीची. मुलं पुस्तकातलं ‘बरोबर’ उत्तर आधी लिहितात, मग आकडे जुळवतात. शिक्षकांनी वेडेवाकडे आकडेही ठेवू दिले पाहिजेत, आणि त्याचे मार्क कापू नयेत. विज्ञान प्रदर्शनातल्या थर्माकोलच्या ज्वालामुखीपेक्षा ती मळकी वही मला जास्त आवडेल.