शब्दचर्चा : ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’मधला स्ट्रेस कोणता?

एका शोधनिबंधाचा गोषवारा मराठीत आणते आहे. विषय : सर्व्हिक्सच्या (गर्भाशयाच्या तोंडाच्या) कर्करोगाच्या रुग्णांच्या रक्तातली अँटिऑक्सिडंटची पातळी. ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ला मी ‘ऑक्सिडीकरणजन्य तणाव’ म्हटलं. बहिणीने वाचून विचारलं, “म्हणजे टेन्शन घेतल्याने होतो का हा?” मग ‘तणाव’ बदलू? आणि अँटिऑक्सिडंटला ‘ऑक्सिजनविरोधी घटक’ चालेल?

— ‘ऑक्सिजनविरोधी’ नकोच. विरोध ऑक्सिजनला नाही, ऑक्सिडीकरणाला आहे. प्रतिजैविक, प्रतिपिंड रुळले तसं ‘प्रतिऑक्सिडक’ करा, किंवा सरळ अँटिऑक्सिडंट ठेवा. रसायनशास्त्राच्या हिशेबाने यातले बरेचसे ‘क्षपणक’च (रिड्युसिंग एजंट), पण तो शब्द इथे आणू नका. संस्कृत वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दिगंबर साधू उभा राहील!

— ‘तणाव’ ऐकला की आता मनच आठवतं. तंबूच्या दोरीचा ‘तणावा’ कुणाला आठवत नाही. ‘ताण’ बरा. तो दोरीवर येतो, डोळ्यांवर येतो, यंत्रावरही येतो. जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट झीस यांनी 1985 मध्ये ही संज्ञा मांडली ती पारडं झुकण्याच्या अर्थाने : ऑक्सिडकं (ऑक्सिडीकरण घडवणारे रेणू) वरचढ, त्यांना आवरणारी यंत्रणा अपुरी. नुसती ऑक्सिडकं असणं म्हणजे ताण नव्हे. पेशी ऊर्जा तयार करतात तेव्हाही ती थोडीफार निर्माण होतात आणि पांढऱ्या पेशी तर जंतू मारायला ती मुद्दाम वापरतात. म्हणून ‘ऑक्सिडीकरणाचा ताण’ लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘म्हणजे तोल बिघडणे’ एवढं जोडा.

दुसरं, निबंधात ‘ताण मोजला’ असं असेल तर काय मोजलं ते पाहा. बहुधा मॅलॉनडायअल्डिहाइड असेल. पेशींच्या आवरणातला मेद ऑक्सिडीकरणाने बिघडला की ते तयार होतं. तेल खवट होतं ना, त्याच जातीची क्रिया. ‘लिपिड पेरॉक्सिडेशन’ समजावताना ‘खवटणे’इतका नेमका शब्द दुसऱ्या भाषेत शोधावा लागेल. या रुग्णांच्या अनेक अभ्यासांत ते वाढलेलं दिसतं, तर ग्लुटाथायोन, सुपरऑक्साइड डिसम्युटेज, ई आणि क जीवनसत्त्व ही अँटिऑक्सिडंट घटलेली.

— पण ‘घटल्यामुळे’ लिहू नका हं! रुग्ण आणि निरोगी स्त्रिया यांचं रक्त एकदाच तपासून तुलना केली असेल, तर आधी काय झालं हे त्यातून कळत नाही. ‘रुग्णांमध्ये कमी आढळली’ इथेच थांबा. जवळजवळ सगळ्या रुग्णांत मूळ कारण एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा व्हायरस) या विषाणूचा दीर्घकाळ टिकलेला संसर्ग. त्याचे 16 आणि 18 हे दोन प्रकार मिळून सुमारे 70 टक्के रुग्णांत सापडतात.

— बाप रे, माझ्या शेवटच्या ओळीत ‘म्हणून रुग्णांना अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या द्याव्यात’ आहे.

— मूळ निबंधात असेल तर तिथलं क्रियापद तपासा. ‘देता येतील का, हे तपासावे’ असं असण्याची शक्यता जास्त. किरणोपचार कर्कपेशी मारतात त्या बऱ्याच अंशी मुक्त मूलकांच्या (फ्री रॅडिकल्स, वरच्या ऑक्सिडकांतलीच) जोरावर. शिवाय फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट दिलं, तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी वाढलेला निघाला (1994). उपचार चालू असताना अशा गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

— सर्व्हिक्सचं राहिलंच. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ मान, म्हणून ‘गर्भाशयग्रीवा’ तंतोतंत. मानेच्या दुखण्यालाही ‘सर्व्हायकल’ म्हणतात ते त्यामुळेच. पण बायकांच्या बोलण्यात ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ आहे, त्याच्या जवळचं ‘गर्भाशयमुख’ घ्या. फक्त ‘मुखाचा कर्करोग’ असं तोडू नका, वाचणारा दातांच्या डॉक्टरकडे जाईल.

— शीर्षक बदललं : ‘गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्णांमधील ऑक्सिडीकरणाचा ताण आणि प्रतिऑक्सिडकांची पातळी’. बहिणीला पुन्हा दाखवलं. आता टेन्शनबद्दल विचारत नाही, ‘प्रतिऑक्सिडक’ एका दमात म्हणता येत नाही अशी तक्रार आहे. कंसात अँटिऑक्सिडंट टाकते.